चाळीस सेंटीमीटर

वस्तीत तिला तोंडावर ताई आणि पाठीमागे फूटपट्टी म्हणत. मी पंपांच्या ऑफिसातला कारकून. एकदा माझ्या तोंडून चुकून दुसरं नाव निघालं, तर आठवडाभर ती समोरासमोरही माझ्याशी आकड्यांपलीकडे एक शब्द बोलली नाही.

आमच्याकडे जमिनीखालचं खारं पाणी उपसून उथळ तळ्यांत वाळत घालतात. खाली जे उरतं त्यातून लिथियम काढतात, ते गाड्यांच्या बॅटऱ्यांत जातं. माल घेणाऱ्यांची अट एकच होती: खारं उपसताना कडेचं गोडं पाणी साडेबारा मीटरच्या खाली जाता कामा नये. गेलं, की पंप बंद. हे गोडं पाणी मोजायला वस्तीभोवती अकरा बोअर होते, आणि बावीस वर्षं ते मोजत होती ती, एकटी. मोजायच्या फितीचं टोक बोअरमध्ये सोडायचं, पाण्याला टेकलं की रिळावरची डबी पीं करते, मग बोअरच्या काठाशी फितीवर दिसेल तो आकडा लिहायचा. रोज सकाळी तिचा फोन यायचा. अकरा आकडे सांगायची आणि ठेवून द्यायची. कसे आहात, बरं आहे ना, असलं काही नाही.

नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षीच गेला होता. तेव्हापासून ती धाकट्या भावाच्या घरी राहायची. भाऊ पंपावर ऑपरेटर. वहिनीशी तिचं बेताचंच जमायचं, पण भाची आत्याला चिकटलेली. तिची वेणी घालताना मात्र ही बाई चक्क हसायची. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर फितीचं टोक खराब झालं. दुरुस्तीत दोन आठवडे गेले. मेकॅनिकने खालचे खराब झालेले चाळीस सेंटीमीटर कापून टोक पुन्हा जोडलं आणि सोबत चिठ्ठी दिली, ‘चाळीस कापले’. तिने विचार केला, फीत चाळीसने कमी झाली, म्हणजे प्रत्येक आकड्यात चाळीस मिळवायला हवेत. तिने मिळवले. मी लिहून घेतले. अकराही बोअर एकदम आणि सारखेच उतरलेले माझ्या डोळ्यांसमोर होते, पण उन्हाळ्यात पाणी उतरतंच म्हणून मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. तीन बोअर साडेबाराच्या खाली गेले होते.

आकडे माल घेणाऱ्यांकडे जायच्या आदल्या संध्याकाळी भावाने तिला गाठलं. मी तिथेच होतो, तिची सही घ्यायला गेलो होतो.

‘ताई, हातभर वर लिही ना. कुणाला कळतंय? पंप बंद पडले तर आम्ही खायचं काय?’

‘पाणी जिथे आहे तिथेच लिहीन.’

‘अगं, घरातलंच माणूस सांगतंय तुला.’

‘घरातला असलास तरी खोटारडा तो खोटारडाच.’

भाची दारात उभी होती. भाऊ तिच्याकडे बघून आत गेला.

पंप बंद झाले. महिन्याभरात निम्मी वस्ती सामान बांधून गेली, भाऊही सहकुटुंब दुसरीकडे कामाला गेला. जाताना बोलला नाही. तीन खोल्यांत ती एकटी राहिली. दुकानात लोक तिला बघून पाठ फिरवायचे. ती जे लागेल ते घ्यायची आणि यायची. आता सकाळच्या फोनवर अकरा आकडे झाल्यावरही ती ठेवायची नाही. मग मीच हवेबद्दल काहीतरी बोलायचो. तेवढंही तिला पुरायचं बहुतेक.

तीन महिन्यांनी नवी फीत आली. त्या सकाळी फोन आला नाही, ती स्वतःच आली. दोन्ही रिळं माझ्या टेबलावर ठेवली.

‘एकाच बोअरमध्ये दोन्ही सोडल्या. नवी अकरा नव्वद दाखवते, जुनी बारा तीस.’

माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. तिने जुनी फीत उलगडून टोक दाखवलं. शून्यापासून चाळीसपर्यंतचा तुकडाच नव्हता, फीत सुरूच चाळीसपासून होत होती. म्हणजे ती आधीच चाळीस जास्त दाखवत होती. वजा करायचे ते तिने मिळवले होते. पाणी तिने लिहिलं त्याच्या ऐंशी सेंटीमीटर वर होतं. पंप बंद करायची गरजच नव्हती.

मी दार लावून घेतलं. ‘ताई, गप्प बसा. पंप बंद होते म्हणून पाणी चढलं, असंच सगळ्यांना वाटेल. उलट तुमचं नाव होईल.’

‘आणि भावाला?’

‘त्यालाही तसंच वाटेल.’

‘तेच नको मला,’ ती म्हणाली. ‘त्याने मागितलेलं खोटं माझ्या खऱ्यापेक्षा खरं होतं, अहो.’

तिने जुन्या नोंदींखाली स्वतःच्या हाताने चूक लिहिली, सही केली आणि माझ्या टेबलावरचा फोन पुढे ओढला. भावाचा नंबर तिला पाठ होता. तिने सगळं सरळ सांगितलं. टोक, चाळीस, अधिक, वजा. आवाज हलला नाही. भाऊ एवढ्या मोठ्याने बोलायचा की मलाही ऐकू येत होतं.

‘बरं झालं सांगितलंस,’ तो म्हणाला.

‘पंप सुरू होतील रे पुढच्या महिन्यात. घर आहे तसंच आहे.’

‘आम्ही इथे रुळलोय आता, ताई. आकडा चुकला त्याचं काही नाही. कुणाचाही चुकतो. पण पोरीसमोर मला खोटारडा म्हणालीस.’

‘म्हणाले,’ ती म्हणाली. ‘चुकलंच माझं. तिला दे ना जरा फोन. तिच्यासमोर म्हटलं, तिलाच सांगते.’

‘ती शाळेत गेलीय.’

‘बरं,’ ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तो रविवार होता.