रेडिएटरमधला तंबाखूचा चुरा

धाकट्या जावेला पहाटेपासून कळा लागल्या होत्या, दुपार झाली तरी सुटका नव्हती. सुईण बाहेर आली आणि मला म्हणाली, मूल आडवं आहे, बेळगावला न्या, हे माझ्या हातचं न्हाय.

मोटार दारात होती. तंबाखूचे बोद, म्हणजे मोठाले गठ्ठे, वाहायला घेतलेली, मागं फळ्यांचा हौदा असलेली. पण ती सकाळीच शेतावरून वाफ सोडत आली होती. लढाईचे दिवस, निपाणीत दुसरी मोटार मागायची कुणाकडं? आणि बैलगाडीनं बेळगाव गाठेपर्यंत जाऊ वाचली असती का, हे मनातसुद्धा आणवत नव्हतं.

ह्यांनी बॉनेट उघडलं. पंख्याचा पट्टा दाबून बघितला, घट्ट होता. रबरी नळ्याही धड होत्या. पाणी भरून इंजिन चालू केलं, तर जरा वेळानं परत आत गुरगुर. ह्यांचा हात रेडिएटरच्या टोपणाकडं गेला तशी मी मनगटच धरलं. त्या वाफेनं तोंड भाजलेला माणूस मी बघितला होता. आतून जाऊ कण्हत होती. तिचा नवरा, म्हणजे माझे दीर, भिंतीला टेकून नुसते उभे.

मी पदराचं टोक हाताला गुंडाळून रेडिएटरची जाळी चाचपली. वर चटका बसला, खाली मात्र गार. ह्यांना म्हटलं, पाणी खाली उतरतच न्हाय हो.

मग इंजिन निवण्याची वाट बघत बसलो. ते बसणं कसं सांगू तुम्हांला! आतलं कण्हणं थांबलं तरी जीव घाबरा, वाढलं तरी घाबरा.

शेवटी खालची तोटी सोडली. थेंब थेंब तपकिरी पाणी आलं, आणि वास तंबाखूचा. आमच्याकडं तो वास घरभर असतो, पण रेडिएटरात कुठून येणार? दीर मटकन खालीच बसले.

"वैनी, चुरा म्याच घातलाय त्यात."

काल जाळी गळत होती. चिकोडीच्या वाटेवर कुण्या लॉरीवाल्यानं सांगितलं, चिमूटभर चुरा टाका, भोक बुजतंय. घरात चुऱ्याला काय तोटा? दिरांनी ओंजळीनं टाकला. भोक बुजलं, आणि जाळीही बुजली.

दोघा भावांनी जाळी सोडवून उलटी धरली, मी घागरीमागून घागर ओतली. चुऱ्याचे लगदे पडले. भोक परत गळायला लागलं, पण पाणी फिरू लागलं. हौद्यात गादी टाकली, जावेला निजवलं, भोवती पाण्याच्या घागरी.

वाटेत थांबत, पाणी ओतत घाटापर्यंत आलो. आता एकच घागर उरली. तेवढ्यात जावेनं पाणी मागितलं. मी पुढं वाकून विचारलं, "मोटारीला ठेवू का हिला देऊ?"

"तिला दे," हे मागं न बघता म्हणाले.

तिला पाजलं, उरलेल्यानं तिचं तोंड पुसलं. घाटभर मोटार फुसफुसत होती. आता थांबते, मग थांबते, असं म्हणत मी हौद्याची फळी घट्ट धरून होते.

तशीच ती बेळगावच्या दवाखान्यापर्यंत पोचली, आणि जावेला आत नेलं. पुष्कळ वेळानं मूल रडलेलं ऐकू आलं, पण तिचा आवाज नाही. मला आत सोडलं तेव्हा ती डोळे मिटून पडली होती. मी नाकापाशी हात नेला, तर डोळे न उघडताच म्हणाली, "आक्का, हात लई थरथरतोय तुमचा. बसा की जरा."