नवव्या दिवसाचा भाव

आमच्या मालकांना, म्हंजे आकारामला, दुनियेतल्या सगळ्या लढाया तोंडपाठ. शाळा सातवी. आटपाडीकडच्या माळावर मेंढरं राखत वाढलेला माणूस, पण रशिया युक्रेनात कुठनं घुसला, तांबड्या समुद्रात बोटी कोण अडवतंय, इराण कुठली वाट बंद करीन म्हणतोय, काय बी विचारा, घडाघडा सांगणार. मी म्हणायची, "आवं, तुमाला पलटणीत घेतलं न्हाई हे देशाचं नशीबच फुटकं." तर नुसतं हसायचं. धंदाच तसा हुता.

धंदा गलाईचा. आमच्या खानापूर-आटपाडीकडं घरटी एक माणूस ह्यात. लोकांचं जुनं, मोडकं सोनं घ्यायचं, मुशीत घालून भट्टीत गाळायचं, तेजाबानं त्यातलं तांबं आन चांदी काढून टाकायची, चोख सोनं पेढीला द्यायचं. मालक पंधराव्या वर्षी नानासो नावाच्या गाववाल्यासंगं कोइमतूरला गेलं. बारा वर्षं त्याच्या भट्टीपुढं बसलं. मग लगीन झालं, आन कराडात सोनारांच्या गल्लीत स्वतःचं दुकान टाकलं. दुकान कसलं, दहा बाय बाराची खोली, एक भट्टी, एक काटा, वाफ जायाला एक नळी. त्या वाफेनं त्यांचं पुढचं दात झिजलं, वास तर आता कशाचाच येत न्हाई. आमटी करपली तरी मलाच सांगाय लागतंय. पण सोन्यात चोख किती आन भेसळ किती, ज्याला टंच म्हणत्यात, त्यो आकारामनं सांगितला की कराडात कुणी दुसरीकडं जाऊन तपासला न्हाई.

नानासोनं एकच गोष्ट शिकवली हुती. सकाळी घेतलेलं सोनं सांजच्याला गाळून द्यायचं आन हात झटकून घरी यायचं. माल घेऊन बसायचं न्हाई. पैसा पेढीचा असतोय, जोखीम आपली. सोनं येतंय परदेशातनं, वर सरकारचा कर. तिकडं बॉम्ब पडला की भाव चढतोय, इकडं दिल्लीत कुणी कर कमी केला की धाडकन पडतोय. आमी आपलं मधी. मालकांनी वीस वर्षं हे पाळलं. लढाईची बातमी आली की गल्लीत समदी खूश, "चढला रं गड्या, चढला!" मालक तेवढं गप. म्हणायचं, "तिथं लेकरं मरत्यात आन आपण चहा सांगायचा?" मग चहा न पिताच भट्टीला बसायचं. धंदा तर करायलाच लागायचा.

दोन हजार चोवीसचा जुलै. सोमवार हुता. भाव चढा, त्यामुळं मोडीला गर्दी. दोन सोनारांचा आन चार-पाच गिऱ्हाइकांचा माल, मिळून ऐंशी तोळं सोनं मालकांनी दुपारपतुर घेतलं. भट्टी पेटवायच्या बेतात हुतं आन गावाकडनं फोन आला. सासूबाई, धोंडुबाई, गेल्या. माल तसाच तिजोरीत टाकला, कुलूप लावलं, आन आमी दोघं आन पोरगी समीक्षा, मिळंल त्या गाडीनं गाव गाठलं. पेढीवाल्याला रस्त्यातनंच फोन केला, "दहावं झालं की माल आणून देतो, त्या दिवशीचा भाव लावा." त्यो म्हणला, "सावकाश या."

चौथ्या दिवशी अर्जुनाचा फोन. अर्जुना आमच्याच गावचा, पण भावकी येगळी, कराडात त्याचं दुकान आमच्या दुकानाला लागून. म्हणला, "आकाराम, बजेट तोंडावर हाय. सोन्यावरचा कर कमी हुणार अशी कुजबूज हाय. किल्ली धाड कुणासंगं तरी. मी गाळून पेढीला देतो. सुतक तुला हाय, मला न्हाई."

मालक अंगणात फोन कानाला लावून उभं. फोनमधला आवाज चुलीपतुर ऐकू येत हुता. मी चुलीपासनं उठले आन त्यांच्यापुढं जाऊन उभी ऱ्हायले. आमच्यात सुतकात भट्टी पेटवत न्हाईत. दुसऱ्याच्या हातनं बी न्हाई. सासरं गेलं तवा मालकांनी तिसऱ्याच दिवशी भट्टी लावली हुती, कुणा सोनाराची घाई हुती म्हणून. तेजाबाची बरणी फुटली आन त्यांचा डावा हात कोपरापतुर भाजला. दोन महिनं मी घास भरवलाय त्यांना. म्या म्हणलं, "सासूबाईंचं दहावं हुईस्तोवर त्या भट्टीला हात लागला तर मी कराडला पाय ठेवणार न्हाई. सांगून ठेवते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग फोनवर म्हणलं, "न्हाई अर्जुना. दहावं हुंदे."

नवव्या दिवशी, मंगळवारी, पाव्हणं-रावळं अंगणात बसलेलं. कुणाच्या तरी मोबाईलवर बजेट लागलेलं. पंधराचा कर सहावर आणला, एवढं एक वाक्य मला ऐकू आलं. मालकांच्या हातात पाण्याचा तांब्या हुता, त्यो त्यांनी खाली ठेवला. दुपारपतुर तोळ्यामागं तीन-चार हजार पडलं, दहावं होऊन आमी कराडला पोचस्तोवर अजून खाली. आन आमची एक चुलत जाऊ मला म्हणती, "बरं झालं की गं, सोनं स्वस्त झालं! आता समीक्षाच्या लग्नात दोन तोळं जास्त घाल." मी तिला काय बोलले ते इथं सांगत न्हाई. तिचा काय दोष न्हवता. देशातल्या समद्या बायका त्या दिवशी खूशच हुत्या.

साडेतीन लाखाचा खड्डा पडला. अर्जुना म्हणला, "महिनाभर माल दाबून ठेव. जगात येवढ्या आगी लागल्यात, भाव वर येणारच." पेढीवाला बी तयार हुता. मालक ऐकंनात. दहावं झालं की देतो म्हणलं हुतं, तर दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी माल गाळून देऊन आलं. मला तर असला राग आला! त्या दिल्लीवाल्यांचा आला, पेढीवाल्याचा आला, आन माझ्या तोंडाचा तर सगळ्यात जास्ती. दुकान तरी वाचावं म्हणून म्या हातातल्या पाटल्या आन गळ्यातली बोरमाळ काढून काट्यावर ठिवली. सहा तोळं. पाटल्या चार तोळ्याच्या, माझ्या बानं तीस मेंढरं विकून घातलेल्या. जत्रंला मी पदर मागं सारून मिरवायची त्या.

मालकांनी बोरमाळ कसोटीच्या दगडावर घासली, टंच काढला. पाटल्या मातूर तशाच मुशीत टाकल्या.

"आवं, ह्यांचा टंच?"

"नको."

"का नको? गिऱ्हाइकाचा काढता आन बायकोचा न्हाई व्हय?"

त्यांनी टाकणखार टाकला, भट्टी वाढवली. सगळं सोपस्कार होऊन चोख सोनं काट्यावर आलं, तर चार तोळ्याचं पावणेतीन. म्या काटा परत परत बघितला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

"तुमाला ठावं हुतं?"

"लग्नातच कळलं. हातात घेतल्या तवाच."

"माझ्या बाला सोनारानं फसवलं, आन तुमी वीस वर्षं गप?"

"तुझा बा जिता हुता," ते म्हणलं. "आन तू लय खूश हुतीस."

मी तिथंच दुकानाच्या पायरीवर बसून रडले. सासूबाईंसाठी रडले न्हवते तेवढी. येणारं-जाणारं सोनार बघत हुतं, बघू दे म्हणलं.

तरी रक्कम भरंना. भट्टी, काटा, नळीसकट ती भाड्याची खोली अर्जुनानं घेतली. पेढीचं फिटलं. पण नव्या मालाला पेढी पैसा देईना. तवापासनं मालक अर्जुनाच्याच भट्टीवर रोजानं जात्यात. त्याच खोलीत, त्याच पाटावर. अर्जुना माणूस वाईट न्हाई, अजून त्यांना "आकारामदादा" म्हणतोय. तेच लय लागतंय.

आन भाव? दिवाळीलाच चढला. पुढच्या साली अमेरिकेनं साऱ्या जगावर कर लावला, इराणवर बॉम्ब पडलं, आन तोळं लाखाच्या पार गेलं. मग सव्वा लाख. गल्लीत परत "चढला रं गड्या" सुरू. आमचं ऐंशी तोळं जाऊ द्या, माझी निस्ती बोरमाळ असती तरी! असला हिशेब मनात आला की मी उठून भांडी घासाय घेते, घासलेली असली तरी.

गल्लीत समद्यांना मालकांनी सांगितलंय, "माझाच हट्ट. सुतक पाळायचं हुतं मला." माझं नाव कुठं काढलं न्हाई. अर्जुनाच्या बायकोनं मला एकदा म्हणून दाखवलं, "तुमचा नवरा लय कर्मठ बाई." मी मान हलवली.

पण जिवाला खात हुतं. मागच्या महिन्यात जेवायला बसलो हुतो. पोरगी शेजारी गेलेली. म्या सरळ विचारलं, "आवं, त्या दिवशी मी आडवी आले नसते तर तुमी काय केलं असतं?"

त्यांनी घास खाली ठेवला. ज्या माणसानं उभ्या जन्मात टंच चोरला न्हाई, त्याला मी असं विचारायलाच नको हुतं.

"किल्ली धाडली असती," ते म्हणलं. "व्हय म्हणायला तोंड उघडलं हुतं मी."

"मग?"

"मग काय. दुकान ऱ्हायलं असतं."

आन आमटी वाढ म्हणलं. मला वाटलं हुतं, निदान माझ्यापुढं खोटं बोलतील.