जिन्यातला चिमटा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर माझी दया येईल आणि चहाही गार होईल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नोकरीसाठी पुण्याहून बंगलोरला आलेलो. अकरा घरं पालथी घातल्यावर जे. पी. नगरात एक वरचा मजला मिळाला. खाली मालक, अण्णा. बेळगावकडचे रिटायर्ड हेडमास्तर. अट एकच: "वर आवाज व्हायचा न्हाई बघा. झाला की घर रिकामं."

माझी बायको सुनीता तेव्हाच म्हणाली, "अहो, हे घर गेलं तर मी सरळ पुण्याला."

आणि मला नाद कसला? रिमोटच्या गाड्यांच्या शर्यतींचा! दर रविवारी मैदानावर आमचा क्लब. तिथला एक नियम ऐकून ठेवा. रिमोटमध्ये क्रिस्टल नावाचा छोटासा तुकडा असतो. दोघांचा क्रिस्टल एकाच नंबरचा असला, की एकाची गाडी दुसऱ्याचंही ऐकते. म्हणून फळ्यावर कपडे वाळत घालायचे चिमटे, प्रत्येकावर नंबर. आपल्या नंबरचा चिमटा आधी शर्टाला लावायचा, मगच रिमोट सुरू. कुणी विसरलं की सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा कोण? अस्मादिक!

पावसाळ्यात मैदान बंद. चार महिने सराव नाही म्हणजे हात गेलाच! घरात चालवायला गाडी हवी, पण खाली अण्णा. दुकानात मी दोन तास घालवले. टायर मऊ रबराचे हवेत, पुढे स्पंज हवा, मोटर कुजबुजणारी हवी. एकेक गाडी फिरवून मी चक्क फरशीला कान लावून ऐकत होतो! लोक वळून वळून बघत होते.

शेवटी दुकानदार म्हणाला, "सर, क्रिस्टल कौनसा?"

"कोई भी दे दो! घर में अकेला ही तो चलाऊंगा!"

खोकं रेनकोटखाली लपवून, चवड्यांवर जिना चढलो. दुकानाची पिशवी मात्र रेनकोटखालून लोंबत होती.

आठ दिवस सतरंजीवर गाडी लोण्यासारखी पळाली. नवव्या दिवशी मी डावीकडे वळवली, तर ती उजवीकडे उसळून कपाटावर. धाड! आणि लगेच खालून, धाड!

अण्णांनी काठीनं छत ठोकलं! दुसरा अर्थ काय असणार, तुम्हीच सांगा?

दुसऱ्या दिवशी मी गाडीला सुनीताचे लोकरी मोजे चढवले. कपाटाला रजई बांधली. तरी पुन्हा तेच. गाडी अंगात आल्यासारखी गरगरली, नि खालून दोनदा धाड धाड! त्या रात्री मला डोळा लागला नाही. घर गेलं, असंच वाटत राहिलं.

मग अण्णा जिन्यात भेटले. चेहरा उतरलेला. "साहेब, जरा बोलायचं हुतं तुमच्याशी."

"ऑफिसची घाई आहे अण्णा, उद्या!"

असे पाच उद्या झाले. मी चपला हातात घेऊन जिना उतरायला लागलो. सहाव्या दिवशी सुनीतानं माळ्यावरची सूटकेस काढून पुसली.

मी मैसूरपाक घेऊन खाली गेलो. दार उघडताच सुरू झालो, "अण्णा, चूक झाली! आजपासून सगळं बंद! पण घर—"

"अवो, माफी मी मागायची!" अण्णांनी माझे हात धरले. "आवाज वर येतोय न्हवं? सराव करालोय, काय करू?"

"सराव?"

अण्णांनी खाटेखालून काढली. माझीच गाडी! म्हणजे हुबेहूब तशी.

"रविवारी मैदानाकडनं जातो तवा तुमची शर्यत बघतो. मला बी वाटलं, शिकावं. तुमच्या पिशवीवर दुकानाचं नाव हुतं. दुकानदार इचारला, क्रिस्टल कुठला? म्हटलं, वरचे साहेब जाणकार, त्यांनी नेला तोच द्या. पण गाडी माझं ऐकंनाच! हात कापतोय वाटून डॉक्टरला बी दाखवून आलो."

मी मटकन खुर्चीत बसलो. म्हणजे छतावर काठी नव्हतीच. माझ्या रिमोटनं अण्णांची गाडी भिंतीवर, अण्णांच्या रिमोटनं माझी कपाटावर!

मी रडत-हसत सगळं समजावून सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि हेडमास्तरांच्या आवाजात विचारलं, "मैदानावर चिमट्यासाठी बोंबलणारे ते तुम्हीच न्हवं?"

मी मैसूरपाक पुढे केला. दुसरं काय करणार?

दुसऱ्या नंबरचा क्रिस्टल दुकानात संपलेला, परदेशातून येईतो दिवाळी उजाडणार. तेव्हा मीच मोठ्या रुबाबात तोडगा काढला. जिन्याच्या कठड्याला एक चिमटा. ज्याच्या सदऱ्याला चिमटा, त्यानंच गाडी चालवायची!

घर राहिलं. सूटकेस माळ्यावर गेली. पावसाळा संपला आणि पहिल्याच शर्यतीत नवे सभासद अण्णा तिसरे आले.

मी? शेवटून पहिला! सराव कुठून होणार? उरलेला सगळा पावसाळा तो चिमटा अण्णांच्या सदऱ्याला होता, आणि घरमालकाकडे चिमटा मागायची माझी काय टाप!