कासऱ्याचं दुसरं टोक

आमच्या ड्रिल मास्तरांविषयी कुणी वावगं बोललं की माझं डोकं आजही फिरतं. माणूस अंगानं काडी, पण आवाज असा की मैदानाच्या कडेला चरणारी शेळीसुद्धा सावधान व्हायची. निजामाच्या राज्यात मास्तर पुष्कळ होते. छडी न उगारता पोरांना वळण लावणारा मी तेवढा एकच पाहिला.

शाळा पूर्णा गावात, आणि मी चुडाव्याहून रेल्वेनं जायचो. मास्तरांनी स्काऊटचं पथक काढलं तेव्हा निम्मी पोरं खाकी चड्डीच्या मोहानं गेली. मीही त्यातलाच. शपथ उर्दूत होती. निम्मी समजली, निम्मी घोकली. पण मास्तरांच्या दोन अटी होत्या. प्रत्येकाच्या घरचं कुणीतरी जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या सुट्टीला पथकात यायचं, आणि प्रत्येक पोरानं नदी पोहून ओलांडायची. त्याशिवाय गळ्यात रुमाल नाही.

दुसऱ्या अटीशी माझं घोडं अडलं. माझा थोरला भाऊ पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुवायला गेला आणि डोहात बुडाला. तेव्हापासून माय मला घोटाभर पाण्यातही उतरू देत नसे. मला तर तो रुमाल स्वप्नात दिसायचा. मी रुसलो, जेवलो नाही, शेवटी मास्तरांनाच घरी घेऊन आलो.

वडील ओसरीवर मान खाली घालून बसले. बोलली ती माय, दाराआडून.

"एक नदीनं नेला, मास्तर. दुसरा देणार न्हाई मी."

दुसरा कुणी असता तर धीराच्या चार गोष्टी सांगून मोकळा झाला असता. मास्तरांनी समजूत घातलीच नाही. त्यांची मराठी उर्दूच्या वळणाची. म्हणाले, "वैनी, पोराच्या कमरेला दोर बांधतो. दुसरा टोक तुमच्या हातात. तुमी खेचले की पोरगा भाईर. मी मधे बोलणार नाही."

दाराची कडी वाजली. मग माय म्हणाली, "येते मी."

शुक्रवारी ती माझ्याबरोबर गाडीनं आली. नदीवर शाळेचा दोर दोन्ही हातांनी ताणून पाहिला, "ह्यो कच्चा हाय" म्हणाली आणि पिशवीतून बैलाचा कासरा काढला. पोरं मला बैल म्हणायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तरांनी मात्र कासऱ्याची गाठ नीट तपासली, मायला सलाम केला आणि पोरांकडे असं पाहिलं की हसणं जागच्या जागी थांबलं.

सुरुवातीला मी जरा गटांगळी खाल्ली की माय खेचायची. नाकातोंडात पाणी, गुडघे सोललेले, असा मी काठावर येऊन पडायचो. मास्तर चकार शब्द काढत नसत. तरंगायला पाठीला बांधलेला वाळका भोपळा पुन्हा आवळायचे आणि म्हणायचे, "चल."

खेचणं हळूहळू कमी झालं. भोपळाही सुटला. एकदा मास्तरांनी आम्हाला दोन दोर जोडायची गाठ शिकवली आणि सहज मायकडे पाहिलं. पुढच्या शुक्रवारी माय आणखी एक कासरा घेऊन आली. "हा बी जोडा. लय आखूड पडायलाय," म्हणाली. मग दर खेपेला एकेक कासरा वाढत गेला. तिला वाटलं, हे तिनंच ठरवलं. मास्तरांची सारी हुशारी त्या नजरेत होती, असं मला आता वाटतं.

परीक्षेच्या दिवशी सगळ्यांची घरची माणसं भाकऱ्या बांधून काठावर आली होती. मी निघालो, मास्तर बाजूनं पोहत होते. नदीच्या मध्यावर कमरेला हिसका बसला. जोडलेले सगळे कासरे संपले होते. वळून पाहिलं तर माय लुगड्यासकट कमरेएवढ्या पाण्यात, हात ताणून उभी. तिला पुढे येता येईना आणि मला जाता येईना. मास्तरांनी तिला हाक मारली नाही. मलाही काही सांगितलं नाही. माझ्याशेजारी पाय मारत थांबले. आता ती खेचणार, हे मी धरूनच चाललो होतो.

मग कमरेचा ताण गेला. कासरा मोकळा होऊन माझ्यामागं पाण्यावर आला.

पलीकडे हात टेकला तेव्हा मी रडत होतो. होडीतून परत आलो. मास्तरांनी गळ्यात रुमाल बांधला. मायनं माझे दंड चाचपले, तोंडावरून हात फिरवला आणि मास्तरांकडे वळली. ती आता त्यांचे उपकार मानणार, असं मला वाटलं.

"थोरल्याच्या वक्ताला तुमी कुठं होता, मास्तर?"

आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. ओल्या कपड्यांतल्या मास्तरांनी हळूच विचारलं, "नाव काय होतं त्याचं, वैनी?"

मायनं सांगितलं. तो गेल्यापासून ते नाव तिच्या तोंडून आम्ही कुणीच ऐकलं नव्हतं. मग गाडीची वेळ होईपर्यंत ती त्याच्याविषयीच बोलत राहिली.