धबधब्याचा आवाज

अख्खं लातूर पाण्यावाचून तडफडून राहिलंय, आणि आमच्या गेममध्ये धबधबा! मोबाइल गेम बनवणारी आमची कंपनी म्हणजे गांधी चौकामागं दोन खोल्या आन् तीन माणसं. चित्रं काढणारी एकटी संघमित्रा. पैसे लावणारे पुण्याचे साहेब परवा पुन्हा फोनवर म्हणाले, "पाणी खोटं वाटतंय. खरं बघून काढा."

खरं कुठून आणायचं? संघमित्रानं घरी तांब्याभर पाणी वरून सोडून बघायचं ठरवलं, तर आईनं तांब्याच हिसकावला.

मंगळवारी तिच्या गल्लीत टँकर आला. पाइपातून पडणारं पाणी मोबाइलमध्ये टिपायला आम्ही दोघं धावलो. गर्दीतून तिची आई ओरडली, "अगं, हंडा लाव आधी!" मोबाइल माझ्या हातात कोंबून संघमित्रा हंड्याकडं पळाली.

ऑफिसात व्हिडिओ लावला. नुसत्या पाठी, कोपरं, घागरी. पाणी दिसलंच न्हाई, आवाज तेवढा आला. मग तिनं तो आवाजच धबधब्याला लावला.

आता धबधबा कोसळतो, आणि त्यातून तिची आई ओरडते, "हंडा लाव आधी!" ते काही केल्या निघत न्हाई.