सुभेदारांच्या नावावरचा फोल्डर

शुक्रवार, सहा तारीख, सकाळी अकरा. आमच्या वेबसाइट कंपनीचं साताऱ्याचं ऑफिस. हजर: मी, डेव्हलपर स्नेहल आणि तासगावहून आलेले बेदाणा संघाचे सचिव नानासाहेब.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी याद्या करते आणि कामं संपवते. म्हणूनच हे लिहायला जड जातंय.

दोन वर्षांपूर्वी संघाच्या वेबसाइटवर शेतकऱ्यांचे सातबारे अपलोड होईनात. घाईत मी त्या फोल्डरला ७७७ परवानगी दिली — म्हणजे सर्व्हरवरच्या कुणीही वाचा, लिहा, पुसा. संध्याकाळी पूर्ववत करायचं होतं... राहिलं. आठवड्यात कुणीतरी घुसून सगळे कागद पुसले. चौकशीत मी म्हणाले, "सर्व्हर सुभेदार बघतात." सुभेदार म्हणजे लष्करातून निवृत्त होऊन आमच्याकडे लागलेले कुंडलचे गृहस्थ. वाद न घालता राजीनामा देऊन गेले.

त्या शुक्रवारी साइट नव्या सर्व्हरवर हलवत होतो. अपलोड पुन्हा अडकलं.

"आवं मॅडम, दोनला सांगलीत मीटिंग हाय. हुतंय का न्हाई?" नानासाहेब म्हणाले.

आणि मी — हो, मीच — पुन्हा ७७७ दिलं.

तपासलं तर ७७०. फक्त मालक आणि वेबसर्व्हरचा गट, बाकी सगळ्यांना दार बंद. सुभेदार नेहमी हेच द्यायचे. पुन्हा ७७७ दिलं... पुन्हा ७७०. स्नेहलने करून पाहिलं, तेच. अपलोड मात्र सुरळीत सुरू झालं.

"मॅडम, मालक म्हणून हे कुणाचं नाव दिसतंय?" तिने विचारलं.

सुभेदारांचं. नव्या मशीनवर त्यांचं खातंच नव्हतं. अशा वेळी तिथे नुसता आकडा दिसतो, नाव नाही.

मी बाहेर जाऊन त्यांना फोन लावला. "तुम्ही लॉगिन केलंत का?"

"मी बागेत हाय मॅडम, हातात कातर हाय. पासवर्ड तर तुमीच काढून घेतला की."

"तेव्हा फोल्डर कुणी उघडा ठेवला... तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय. कमांड कुणाची, ते तवाच दिसलं हुतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी बोलाल म्हणून थांबलो हुतो."

त्यांनीच फोन ठेवला.

लॉग तपासले, बॅकअप तपासले, बाहेरचा माणूस बोलावून दाखवलं. उलगडा नाही. नाव अजून तसंच आहे.

दोन वर्षांपूर्वीचं खरं काय ते संचालकांना लेखी कळवायचं आहे. पत्र 'महोदय'च्या पुढे गेलेलं नाही.