गोंडा कापलेल्या गायी

मर्ना किजेल एकसष्ट वर्षांची. त्यातली चाळीस वर्षं गायींच्या कानाशी नाहीतर शेपटीशी गेली. पूर्वी तिचा नवरा म्हाताऱ्या गायींचे बीजांडकोश चाकूने काढायचा आणि मर्ना शेपटी धरून उभी राहायची. नवरा गेला, चाकूही गेला. आता कानाच्या कातडीखाली तांदळाएवढी औषधाची कांडी सारली की गाय वर्षभर माजावर येत नाही, गाभण राहत नाही.

ही कांडी वॉलरूनाच्या गुरांच्या रानात यावी म्हणून मर्नानेच नव्या मॅनेजरच्या, फर्गस टलकच्या मागे भुणभुण लावली होती. गेल्या कोरड्या हंगामात पाणवठ्याच्या चिखलातून एकोणीस मेलेल्या गायी तिने ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढल्या होत्या. सगळ्या म्हाताऱ्या, सगळ्या गाभण नाहीतर वासरू पाजणाऱ्या. फर्गस नाकातून बोलायचा, प्रत्येक वाक्य दोनदा चावून. बघू एकदा, आंटी, एकदा बघू. पण चांगल्या गायीला कांडी लागली तर बंद, कायमचं बंद.

म्हणून मर्नाने खूण ठरवली. दात झिजलेल्या गायीच्या शेपटीचा गोंडा आधीच कापून ठेवायचा. गाय खोड्यात अडकली की मागून क्लॅरीने ‘कापली’ म्हणायचं आणि पुढून मर्नाने सुई चालवायची. क्लॅरी तिचा चुलतभाऊ. तो ‘कापलीऽ’ असं पुकारायचा, जणू बिंगोचे आकडेच.

सकाळच्या चहानंतर काम सुरू झालं, एकेचाळीस झाल्या. बेचाळिसावीने सुई लागायच्या आत तोंड वासून हंबरडा फोडला आणि मर्नाचा हात जागीच थांबला. खालचे आठही दात शाबूत. एकही झिजलेला नाही.

“क्लॅरी, गोंडा नीट बघ.”

“कापलाय की, ताई. जरा तिरका आहे, एवढंच.”

मर्नाच्या माणसांनी गोंडे सरळ कापले होते. तिरके कापायची ती मोजणीवाली टोळी. एकच गाय दोनदा मोजली जाऊ नये म्हणून त्यांनी गेल्या आठवड्यात खालच्या रानातल्या सगळ्या गायींचे गोंडे उडवले होते. आणि दोन रानांमधलं ओढ्यावरचं फाटक सकाळी सताड उघडं सापडलं होतं, म्हणजे खालच्या गायी इकडे मिसळल्या होत्या. उघड्या फाटकाचं क्लॅरीने हसत हसत सांगितलंही होतं.

आता तो हसत नव्हता. आवाज खाली आणून म्हणाला, कातडीखाली कोण बघायला येतंय? वासरं कमी भरली तर रानटी डिंगो कुत्र्यांच्या नावावर खपवू, डिंगो साक्ष द्यायला थोडाच येणार आहे.

कुंपणापलीकडून फर्गस येत होता. मागच्या आवारात दीडशे म्हाताऱ्या गायी अजून थांबलेल्या. सांगितलं तर त्या तशाच परत जाणार, पाणवठ्याकडे, चिखलाकडे. मर्नाने सुई खाली ठेवली.

“फर्गस, चांगल्या गायींना कांडी लागलीय. माझ्या हाताने. किती, ते माहीत नाही.”

फर्गसने टोपी काढली, पुन्हा घातली.

“बंद म्हटलं होतं मी, आंटी.”

एकदाच म्हणाला. तेच मर्नाला झोंबलं.

“कर बंद. पण या एकेचाळीस परत खोड्यातून जाऊ देत. जखम ताजी आहे तोवर कांडी दाबून निघेल. दुपारी निघायची नाही.”

फर्गस वळला. जाऊन खोड्याचं फाटक त्यानेच उघडलं.

तो जबडे उघडून दात बघत गेला, ती कान चाचपत. दात शाबूत असलेल्या अकरा निघाल्या. दहा गायींच्या कानातून तिने काटा काढावा तशी कांडी दाबून काढली. अकरावी, तांबडी, पांढऱ्या कपाळाची. हिची कांडी आत सरकली होती. रक्त ओघळायला लागलं तेव्हा मर्नाने हात काढून घेतला. मग गोंडे कापायचा चाकू घेतला आणि त्या गायीचा उरलासुरला गोंडा पार बुंध्यापासून उडवला.

“ही यंदा वासराविना रिकामी राहणार. माझ्यामुळे. लांबूनही दिसू दे.”

फर्गस त्या बोडक्या शेपटीकडे बघत राहिला. मग मागच्या आवाराकडे. मग त्याने बाह्या पुन्हा वर सारल्या.

“दात मी बघतो, आंटी,” तो नाकातून म्हणाला, “दात मी बघतो. शेपटीचं कुणी ऐकायचं नाही, कुणी नाही.”

मर्नाने नवी कांडी भरली. पहिली म्हातारी खोड्यात शिरली, आणि क्लॅरीला पुकारायला काहीच उरलं नाही.